बाळाच्या हातातला घास

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



बाळ सहा महिन्यांचं झालं, मांडीवर आधारानं बसू लागलं, की जेवणाच्या वेळी घराघरांत एकच प्रकार घडतो. आपला घास तोंडाकडे निघाला की बाळाची नजर त्या घासामागे जाते. मग हात पुढे होतो आणि सरळ ताटात पडतो. वरण लवंडतं, भाताची शितं मुठीत जातात आणि मूठ तोंडात जाते. कुणीतरी ओरडतं, ‘अगं, त्याला आवर!’ आज मला एवढंच सांगायचं आहे, की या हाताला आवरू नका. त्या हातात काय द्यायचं आणि कोणत्या रूपात द्यायचं, एवढं मात्र विचार करून ठरवा.

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. तालुक्याच्या गावात माझा दवाखाना आहे. लहान मुलं घेऊन येणाऱ्या घरांचे मला दोन प्रकार दिसतात. एका घरातली आई सांगते, ‘डॉक्टर, हा काही चावतच नाही. भाताचं शीत लागलं तरी उमासे काढतो. सगळं मिक्सरमधून काढून द्यावं लागतं.’ चौकशी केली की कळतं, सहाव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत त्या मुलाच्या तोंडात मिक्सरमधून न काढलेला कणच गेलेला नाही. घशात अडकेल ही भीती! दुसऱ्या घरात भीती नावालाही नसते. आजोबा अंगणात शेंगा फोडत बसलेले असतात, नात रांगत जवळ येते आणि आजोबा कौतुकानं एक दाणा तिच्या हातावर ठेवतात.

दोन्ही घरांत प्रेमच आहे. पण पहिल्या घरातलं मूल खायला शिकत नाही आणि दुसऱ्या घरात मुलाच्या जिवाशी गाठ पडते. या दोन टोकांच्या मधे एक साधी, सुरक्षित वाट आहे. तिच्याविषयी बोलू या.

सुरुवात केव्हा?

आपल्याकडे उष्टावणाची सुंदर प्रथा आहे. मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात करावं, असं जुने लोक सांगतात. त्यामुळे काही घरांत मुलीला पाचव्या महिन्यातच खीर चाटवली जाते. समारंभ तुम्ही तुमच्या रीतीनं करा. पण बाळाचं पोट मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की पहिले सहा महिने, म्हणजे १८० दिवस, फक्त आईचं दूध. त्यानंतर वरचं अन्न सुरू करायचं आणि अंगावरचं दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवायचं.

कॅलेंडरबरोबर बाळाकडेही पाहा. मान पक्की धरली आहे का? थोड्या आधारानं ताठ बसतं का? वस्तू उचलून तोंडाकडे नेतं का? तोंडात घातलेलं जिभेनं लगेच बाहेर ढकलणं कमी झालं आहे का? या चारही प्रश्नांचं उत्तर ‘हो’ असेल, तर बाळ तयार आहे. दिवसांपूर्वी जन्मलेल्या बाळांच्या बाबतीत आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

सहाच महिने का? बाळ जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येतं. तो या सुमारास संपत येतो आणि दुधातून मिळणारं लोह पुरत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी शंभरात सुमारे ६९ मुलांना रक्तक्षय आढळला. म्हणून बाळाच्या हातात काय द्यायचं हा नुसता हौसेचा प्रश्न नाही. गाजराची फोड छान दिसते, पण नुसत्या गाजरानं भागत नाही. डाळी, कडधान्यं, अंडी, मासे, चिकन हेही त्याच्या पोटात गेलं पाहिजे. आणि आशाताई लोहाचं औषध देतात, ते ‘बाळाला कशाला’ म्हणून फडताळात ठेवू नका.

स्वतः खाण्याचा फायदा

गेल्या काही वर्षांत शहरांतल्या तरुण आयांमध्ये एक नवी पद्धत गाजते आहे. बाळाला चमच्यानं भरवायचंच नाही, पहिल्या दिवसापासून त्याच्या हातात अन्न द्यायचं. ब्रिटनमधल्या आरोग्यसेविका जिल रॅपली यांच्या २००८ सालच्या पुस्तकामुळे या पद्धतीचा बोलबाला झाला. आमच्याकडच्या आज्या म्हणतील, ‘यात नवीन ते काय? आमची पोरं भाकरीचा तुकडा चोखतच रांगायला लागली!’ खरं आहे. मला यात पंथ करायचा नाही. मऊ वरणभात चमच्यानं भरवा आणि त्याच जेवणात बाळाच्या हातातही काही द्या. दोन्ही एकत्र सुखानं नांदतात.

हातानं खाताना बाळ पुष्कळ काही शिकतं. अन्नाचा स्पर्श, वास, आकार कळतो. घास तोंडात फिरवायचा, हिरड्यांनी चेचायचा आणि मग गिळायचा, हा क्रम जमतो. दात नाहीत म्हणून चावता येत नाही, हा गैरसमज आहे. तुमचं बोट एकदा त्या बोळक्यात घालून पाहा, हिरड्यांची ताकद कळेल. पण हे शिकण्याचा काळ असतो. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातल्या हजारो मुलांच्या अभ्यासात असं दिसलं, की ज्यांना गाठीगाठीचं, चावायचं अन्न दहा महिन्यांनंतर प्रथम मिळालं, त्यांच्या खाण्याच्या तक्रारी सव्वा वर्षाच्या वयात जास्त होत्या. तो निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाला. मिक्सरवाल्या घरांनी हे लक्षात घ्यावं.

आणखी एक गोष्ट. पोट भरलं की बाळ आपोआप थांबतं. काय, केव्हा आणि कुठे द्यायचं हे आपण ठरवायचं. किती खायचं हे त्याला ठरवू द्यायचं. वाटी घेऊन घरभर त्याच्यामागे फिरण्याची वेळ मग कमी येते.

आता मुख्य शंका: हातात दिलं तर अडकणार नाही का? न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठानं २०० हून थोड्या जास्त बाळांवर हाच अभ्यास केला. तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. एका गटातल्या आईवडिलांना सुरक्षित पदार्थ कसे निवडावेत, कसे करावेत हे नीट शिकवलं होतं आणि त्यांची बाळं स्वतः खात होती. दुसरा गट नेहमीच्या पद्धतीचा. दोन्ही गटांत गुदमरण्याच्या प्रसंगांत फरक पडला नाही. म्हणजे हातानं खाणं हा धोका नाही. पण त्याच अभ्यासात दोन्ही गटांतल्या बऱ्याच बाळांना अडकू शकतील असे पदार्थ दिले जात होते, हेही दिसलं. तेव्हा लक्ष पदार्थाच्या रूपावर हवं.

चिमटीची परीक्षा

बाळाची श्वासनलिका साधारण त्याच्याच करंगळीएवढी जाड असते. अन्न दळणाऱ्या दाढा वर्ष-दीड वर्षापर्यंत येत नाहीत आणि नीट चावून गिळण्याची सफाई यायला चार वर्षं लागतात. त्यामुळे पाच गुण असलेल्या पदार्थांपासून सावध राहायचं: गोल, कडक, निसरडा, चिकट आणि कोरडा-भुगा होणारा. यातले दोन गुण एकत्र आले की धोका वाढतो. द्राक्ष गोल आणि निसरडं. शेंगदाणा गोल, कडक आणि निसरडा!

पदार्थ सुरक्षित आहे का, हे पाहायला उपकरण लागत नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत तो दाबा. सहज चेचला गेला, तर बाळाच्या हिरड्यांनाही चेचता येईल. चेचला नाही, तर अजून शिजवा, किसा किंवा देऊच नका. घरात आजी, काकू, सांभाळणाऱ्या बाई अशा सगळ्यांना ही चिमटीची परीक्षा शिकवून ठेवा.

दुसरी बाब आकाराची. इथे बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं. सहा-सात महिन्यांच्या बाळाला बारीक तुकडे द्यायचे नसतात, लांबट द्यायचे असतात. या वयात बाळ पूर्ण मुठीनं वस्तू धरतं आणि मुठीच्या आत गेलेलं त्याला खाता येत नाही. म्हणून आपल्या बोटाएवढी लांब आणि तेवढीच जाड फोड करायची. अर्धी मुठीत, अर्धी बाहेर. नऊ महिन्यांच्या सुमारास बाळ अंगठा आणि बोटाच्या चिमटीत जमिनीवरचा केससुद्धा उचलू लागतं. मग हरभऱ्याच्या दाण्याएवढे तुकडे चालतात. पण मऊ, चेचले जाणारे.

स्वयंपाकघरात

आता आपल्याच स्वयंपाकघरात जाऊ. वेगळं काही विकत आणायला नको.

रताळं, लाल भोपळा, बटाटा, गाजर, बीट यांच्या बोटभर लांब फोडी कुकरमध्ये वरणाच्या डब्यावर ठेवा. मऊ शिजल्या पाहिजेत, पण हातात घेताच गळून पडू नयेत. फ्लॉवरचा तुरा देठासकट उकडला तर देठ धरायला उत्तम. कच्चं गाजर, मुळा किंवा सफरचंदाची कच्ची फोड मात्र नको. बाळ पुढच्या दोन दातांनी तिचा कडक तुकडा तोडतं, पण दळायला दाढा नसतात. सफरचंद उकडून किंवा बारीक किसून द्यावं.

पिकलेली पपई आणि आंब्याची फोड उत्तम. केळं हातातून सटकतं, म्हणून खालची थोडी साल धुऊन तशीच ठेवावी, मूठ त्या सालीवर बसते. चिकूची बी काढल्यावर पुन्हा एकदा बोटानं चाचपून पाहावं. सीताफळ बाळाच्या हातात देऊ नये. बिया गुळगुळीत आणि टणक असतात. आपण गर वेगळा करून द्यावा. बोर, जांभूळ, चिंच, लिची यांचंही तेच. द्राक्षं लांबीत उभी चिरून चार भाग करावेत. आडवी चिरलेली द्राक्षं गोलच राहतात.

धान्याच्या पदार्थांत मुगाचं धिरडं, नाचणीचं घावन, आंबोळी, मऊ इडली हे बाळासाठीच केल्यासारखे पदार्थ आहेत. पट्ट्या कापा, वर तूप लावा. इडली कोरडी असेल तर तोंडात गोळा होतो, म्हणून वरणात किंवा सांबारात ओलवून द्या. भाकरीचा आतला मऊ भाग वरणात भिजवावा. कडक कडा आपण खाव्यात. चपातीचंही तसंच. ताजा पाव मऊ दिसतो, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण लाळेत तो लगद्यासारखा होऊन टाळूला चिकटतो. किंचित भाजून त्याच्या पट्ट्या द्याव्यात. साबुदाण्याची खिचडी म्हणजे चिकट साबुदाणा आणि त्यात दाण्याचे तुकडे. बाळासाठी ती नकोच.

कडधान्यांत मूग, मटकी, मसूर मऊ शिजवून द्या. चवळी, हरभरा, राजमा, वाटाणा यांचा एकेक दाणा अंगठ्यानं चपटा करायचा आणि सुटलेली सालं काढायची. पनीर ताजं, मऊ असेल तर चालेल, रबरासारखं नको. पूर्ण शिजलेल्या अंड्याच्या पोळीच्या पट्ट्या द्याव्यात. उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक कोरडा असतो, तो तूप किंवा दूध घालून कालवावा. चिकन तंतू सोडून बारीक करावं किंवा खिम्याच्या मऊ वड्या कराव्यात. कोकणातल्या श्रोत्यांना माशाविषयी मी काय सांगणार? तरीही सांगते. चांगल्या उजेडात बसा, मासा बोटांनी कुस्करा आणि काटा डोळ्यांपेक्षा बोटांनी शोधा.

शेंगदाण्याबद्दल दोन गोष्टी एकदमच लक्षात ठेवायच्या आहेत. अख्खा किंवा भरड शेंगदाणा पाच वर्षांपर्यंत नको. पण शेंगदाणा पूर्ण टाळायलाही नको. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या सहाशेहून अधिक बाळांपैकी ज्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले, त्यांच्यात पुढे शेंगदाण्याची ॲलर्जी खूपच कमी आढळली. तेव्हा अगदी बारीक कूट धिरड्याच्या पिठात मिसळा किंवा खिरीत शिजवा. बाळाला तीव्र इसब असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

काही पदार्थ अडकण्याखेरीज इतर कारणांसाठी टाळायचे. मध पहिल्या वर्षात अजिबात नको, चाटवायलाही नको. त्यातल्या जंतूंमुळे बाळाला बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. पहिल्या वर्षात वरून मीठ नको, साखर नको आणि ‘गूळ चालतो ना?’ असंही विचारू नका. बाळाच्या दृष्टीनं गूळ हीसुद्धा साखरच. चहात बुडवलेलं बिस्कीट हा घरोघरचा लाडका प्रकार. चहा अन्नातलं लोह शरीरात जाऊ देत नाही आणि बिस्किटानं भूक मरते.

बसणं आणि बसवणं

कसं खायचं, हे काय खायचं याइतकंच महत्त्वाचं आहे. बाळ ताठ बसलेलं हवं. उंच खुर्चीच पाहिजे असं नाही. भिंतीला टेकून, पाठीला उशी लावून, जमिनीवर चटईवर बसवा किंवा आपल्या मांडीवर. आडवं असताना, झोळीत, चालत्या गाडीत खायला देऊ नये. रांगता रांगता, हसता हसता, रडता रडता घास नको. रडताना बाळ मोठा श्वास आत ओढतं आणि त्याबरोबर घासही.

बाळाच्या तोंडात फोड आपण कोंबायची नाही. ती त्याच्या हातात किंवा समोर ठेवायची. त्याच्या हाताचा वेग आणि त्याच्या घशाचा वेग जुळलेला असतो, आपला नसतो. मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवावा, कारण चित्राकडे लक्ष लागलं की चावणं विसरतं. काऊ-चिऊच्या गोष्टी सांगा, पण तोंड रिकामं असताना. आणि कुणीतरी मोठं माणूस शेवटच्या घासापर्यंत समोर बसलेलं हवं. गॅस बंद करायला जाण्याइतकाही वेळ बाळाला खाताना एकटं सोडू नका.

बाळाचे आणि आपले हात साबणानं धुवा, नखं कापा. शिजवलेल्या फोडी उन्हाळ्यात तासन् तास बाहेर ठेवू नका. खाली एक जुनी, स्वच्छ साडी अंथरली तर सांडलवंडीचा निम्मा राग कमी होतो!

प्रसाद, बोरन्हाण आणि पाहुणे

माझ्या अनुभवात रोजच्या जेवणापेक्षा इतर वेळी जास्त घोटाळे होतात. देवळात हातावर साखरफुटाणे, खडीसाखर, खोबऱ्याचा तुकडा मिळतो. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? म्हणू नकाच. बाळाच्या वतीनं कपाळाला लावून आईनं तो खावा. देवाची हरकत नसते. दिवाळीत चिवडा, संक्रांतीला तिळाची वडी, गणपतीत फुटाणे, हे सगळं रांगत्या बाळाच्या उंचीवर, सतरंजीवर सांडलेलं असतं.

आणि बोरन्हाण! काळी कपडी, हलव्याचे दागिने घालून बाळाला मधे बसवायचं आणि त्याच्यावर बोरं, उसाचे करवे, कुरमुरे, शेंगदाणे, हलवा, गोळ्या यांचा वर्षाव करायचा. हौस मलाही आहे. पण अडकणाऱ्या पदार्थांची जी यादी आम्ही डॉक्टर करतो, ती जवळजवळ सगळी त्या एका वाटीत असते आणि मधे बसलेलं बाळ नुकतंच चिमटीनं उचलायला शिकलेलं असतं. बाळ आईच्या मांडीवर असू द्या, त्याचे दोन्ही हात आईच्या हातात असू द्या. वाटीत फुलांच्या पाकळ्या जास्त आणि बाकीचं नावापुरतं घ्या. दागिन्यांचा हलवा तोंडात जात नाही ना, हे पाहा. समारंभ झाला की केर काढून, खाटेखाली आणि कपाटाखाली झाडून मगच बाळाला जमिनीवर सोडा.

घरातल्या दादा-तायांना जवळ घेऊन समजावून सांगा. चार वर्षांची ताई आपल्या वाटीतला दाणा बाळाला देते तेव्हा ती शहाणपणाच करत असते. ‘बाळाला द्यायच्या आधी आईला विचारायचं’ हा एकच नियम तिला पुरतो.

उमासा की गुदमरणं?

बाळ खायला शिकताना उमासे काढणारच. घास मागे गेला की जीभ बाहेर येते, डोळ्यांत पाणी येतं, चेहरा लाल होतो, खोकल्यासारखा आवाज येतो आणि घास पुढे येतो. ही बाळाच्या शरीरानं केलेली स्वतःची राखण आहे. मोठ्यांपेक्षा बाळात ही प्रतिक्रिया जिभेवर बरीच पुढे सुरू होते, म्हणून ती वारंवार दिसते. अशा वेळी किंचाळू नका, तोंडात बोट घालू नका. शांत बसून पाहा. सवयीनं उमासे कमी होतात.

गुदमरणं वेगळं असतं. त्यात आवाज नसतो. बाळाला रडता येत नाही, खोकता येत नाही, ओठ आणि हिरड्या निळसर पडू लागतात. बाळ जोरात खोकतं आहे, रडतं आहे, म्हणजे हवा आत-बाहेर जाते आहे; त्याला खोकू द्या. अचानक शांत झालं, तर क्षण दवडू नका.

एक वर्षाच्या आतलं बाळ असेल तर स्वतः खाली बसा. बाळाला पालथं आपल्या हातावर घ्या, डोकं छातीपेक्षा खाली, जबड्याला बोटांचा आधार. दुसऱ्या हाताच्या तळव्याच्या मनगटाकडच्या भागानं दोन्ही खवाट्यांच्या मधे पाच ठणठणीत थापा मारा. वस्तू निघाली नाही तर बाळाला उताणं करा आणि छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, त्याच मनगटाकडच्या भागानं पाच दाब द्या. पुन्हा पाच थापा, पुन्हा पाच दाब. वस्तू निघेपर्यंत किंवा बाळ निपचित पडेपर्यंत हे चालू ठेवायचं आणि त्याच वेळी दुसऱ्या कुणी १०८ क्रमांकाला फोन करायचा. बाळ निपचित पडलं तर छातीवर दाब आणि तोंडानं श्वास द्यावा लागतो. एक वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट दाबायचं नाही, यकृताला इजा होते. वर्षावरच्या मुलाला पाठीवर थापा देऊन भागलं नाही, तर बेंबीच्या वर पोटावर आत आणि वर असे दाब देतात.

काय करायचं नाही, तेही ऐका. पाय धरून बाळाला उलटं टांगू नका. दिसत नसताना घशात बोट फिरवू नका, वस्तू आणखी आत जाते. पाणी, केळं, भाताचा गोळा देऊ नका. ऐकून हे सगळं सोपं वाटतं, हात मात्र गोंधळतात. म्हणून आपल्या डॉक्टरांकडून किंवा प्रथमोपचाराच्या वर्गात बाहुलीवर ते एकदा करून शिका. बाळ सांभाळणाऱ्या आजी-आजोबांनाही बरोबर न्या.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. कधी कधी वस्तू मुख्य श्वासनलिका ओलांडून एका बाजूच्या फुप्फुसात उतरते. जोराचा ठसका लागतो, मग थांबतो, बाळ खेळू लागतं आणि सगळे विसरतात. अकरा महिन्यांचं एक बाळ माझ्याकडे तीन आठवड्यांचा खोकला घेऊन आलं होतं. छातीत एकाच बाजूला सूं सूं आवाज होता. ‘कधी ठसका लागला होता का?’ असं विचारल्यावर आई नाही म्हणाली. दाराशी उभ्या असलेल्या आजींना मात्र आठवलं. दाणे भाजले त्या दिवशी लागला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी दुर्बिणीनं तपासलं तेव्हा अर्धा शेंगदाणा निघाला. शेंगदाणा एक्स-रेमध्ये दिसत नाही. तो आत फुगतो आणि त्याच्या तेलानं नलिकेला सूज येते. गेल्या शतकातले फिलाडेल्फियाचे विख्यात डॉक्टर शेव्हालिए जॅक्सन यांनी तर शेंगदाण्यामुळे येणाऱ्या या सुजेला स्वतंत्र नावच दिलं होतं. त्या आजींच्या आठवणीनं बाळ वाचलं. म्हणून ठसका लागून गेल्यावर बाळ बरं दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा, आणि खोकला रेंगाळला तर ठसक्याची गोष्ट आपण होऊन सांगा.

हे सगळं ऐकून कुणी पुन्हा मिक्सरकडे वळू नये, अशी माझी विनंती आहे. रस्त्यावर वाहनं आहेत म्हणून आपण मुलाला चालायला शिकवणं सोडत नाही, हात धरतो. इथे हात धरणं म्हणजे चिमटीची परीक्षा, ताठ बैठक आणि समोर बसलेलं एक माणूस. उद्या कुकर लावताना रताळ्याच्या दोन फोडी जास्त टाका. मऊ शिजल्या की गार करा, चिमटीत दाबून पाहा आणि बाळाच्या समोर ठेवा. पहिल्या दिवशी तो त्या चेचून केसांना लावेल, दुसऱ्या दिवशी फेकेल. कधीतरी तोंडात घालेल आणि तोंड वाकडं करून तुमच्याकडे पाहील. तुम्ही तुमचा घास खात राहा. तुमचं पाहूनच तो खायला शिकणार आहे.